एंडलेस एट: आठही एपिसोड बघायचे का? बघ, पण नागातोकडे बघ

तुझा प्रश्न असा की सुझुमिया हारुही ही अॅनिमे सिरीज पहिल्यांदाच बघतोयस, 2009 च्या क्रमाने अकरा एपिसोड मजेत झाले, आणि आता सगळे सांगतायत की 12 ते 19 हे 'एंडलेस एट' नावाचे आठ एपिसोड म्हणजे एकच गोष्ट आठ वेळा, त्यामुळे पहिला, दुसरा आणि आठवा बघ, मधले सोडून दे. तर मधले सोडू का, आणि टाइम लूपवाले बाकीचे अॅनिमे पण असेच असतात का.

मी बरीच वर्षं स्टोरीबोर्डचं (सीनचे शॉट आधी चित्रांत मांडण्याचं) काम करते, नव्या मुलामुलींना शिकवते पण, आणि हे आठ एपिसोड मी कामासाठी आणि कामाशिवायही खूपदा बघितलेत. माझं उत्तर सरळ आहे, आठही बघ. मात्र एका रात्रीत बसून संपवू नकोस, ती सगळ्यात वाईट पद्धत. आणि बघताना हारुहीकडे नाही, नागातोकडे, म्हणजे हारुहीच्या शाळेतल्या क्लबातल्या अबोल मुलीकडे लक्ष ठेव. का ते सांगते, जरा लांबेल. पुढे स्पॉयलर आहेत, शेवट कसा सुटतो तेही येईल, त्यामुळे अगदी कोरं बघायचं असेल तर इथेच थांब आणि आठवडाभराने परत ये.

आधी नेमकं घडतं काय ते बघू. उन्हाळ्याची सुट्टी संपत आलीय, 17 ऑगस्ट, हारुहीचा वर्गमित्र क्योन, ज्याच्या नजरेतून गोष्ट दिसते, घरात आरामात पडलाय आणि हारुहीचा फोन येतो. सुट्टीचे उरलेले दोन आठवडे एक दिवसही वाया घालवायचा नाही म्हणून तिने यादी केलीय. पोहायला जायचं, युकाता (उन्हाळी किमोनो) घेऊन बॉन-ओदोरी नाचाच्या जत्रेला जायचं, फटाके उडवायचे, बेडकाचे पोशाख घालून पार्टटाइम काम करायचं, सिकाडा किडे पकडायचे, गच्चीवरून तारे बघायचे. सगळं होतं. 30 तारखेला कॅफेत बसून ती यादीवर शेवटची खूण करते, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं असतं, ती उठून जाते, क्योनला आतून वाटत असतं की हिला थांबवायला हवं पण काय बोलायचं ते सुचत नाही. 31 ला तो गृहपाठ न करताच झोपतो. आणि पुढच्या एपिसोडला पहिले पाढे पंचावन्न, परत 17 ऑगस्ट, परत फोन.

पहिल्या एपिसोडात लूपचा उल्लेख सुद्धा नाही, साधी सुट्टीची गोष्ट वाटते. दुसऱ्यात क्लबातली, भविष्यातून आलेली मिकुरु रडत सांगते की मला भविष्यात परत जाता येत नाहीये, कारण 31 ऑगस्टच्या पुढे भविष्यच नाही (हारुहीच्या मनात येतं तसं तिच्या नकळत जग बदलतं, आणि तिची सुट्टी अपुरी राहिली म्हणून दिवस परत फिरतात), आणि मग नागातो आकडा सांगते, ही 15,498 वी वेळ. आठव्या एपिसोडात जेव्हा सुटका होते तेव्हा आकडा 15,532 वर गेलेला असतो. दोन आठवड्यांच्या हिशोबाने जवळपास 595 वर्षं. म्हणजे आपण आठ वेळा बघतो आणि आपला जीव जातो, आणि ज्या पोरीला हे सगळं पहिल्या दिवसापासून आठवतंय तिने ते पंधरा हजारांवर वेळा जगलंय.

माझं सगळं म्हणणं इथूनच निघतं. बाकीच्या लूपच्या गोष्टी आठवून बघ, त्यात ज्याला आठवतं तोच हिरो असतो. री:झीरोमधला सुबारु मरतो, मागे येतो, त्याला सगळं आठवतं आणि आपण त्याच्याबरोबर चालतो, त्यामुळे लेखक आपल्याला फक्त काय बदललं तेवढंच दाखवतो, जे सेम आहे ते कापून टाकतो. प्रेक्षकाला कंटाळा येऊ नये म्हणून हेच करायला हवं आणि ते बरोबरच आहे. मादोका माजिकाच्या दहाव्या एपिसोडात तर होमुराचे सगळे लूप एका एपिसोडात बसवलेत आणि तो एपिसोड अंगावर येतो. पण हारुहीत कॅमेरा क्योनबरोबर आहे, आणि क्योनला काही आठवत नाही! त्याला फार तर कधीकधी 'हे आधी झालंय' असं चुकचुकल्यासारखं वाटतं. दर वेळी तो नव्याने दचकतो, नव्याने विचारतो, नव्याने हरतो. आठवतं कोणाला? तुला आणि नागातोला. हारुही, क्योन, कोइझुमी (क्लबातला पाचवा), मिकुरु हे चौघं एका बाजूला, आणि सोफ्यावर बसलेला तू आणि पडद्यावर कोपऱ्यात उभी असलेली ती मुलगी दुसऱ्या बाजूला. तुला जो कंटाळा येतो ना चौथ्या एपिसोडला, 'अरे बास ना, सांग की तिला काहीतरी', तो कंटाळा गोष्टीतल्या दुसऱ्या कुणालाच येत नाही, फक्त तिला येत असणार, आणि ती बोलत नाही. मधले एपिसोड सोडलेस तर तू क्योनच्या बाजूला जाऊन बसतोस. तुला लूप आहे ही माहिती मिळेल, पण तिच्या वाट्याला काय आलं हे कळणार नाही.

एक सीन जवळून बघ. क्योनला लूपबद्दल कळलेलं असतं आणि तो नागातोला विचारतो की तुला माहिती होतं तर आधी का नाही सांगितलंस. ती म्हणते की माझं काम निरीक्षणाचं आहे (ती हारुहीवर लक्ष ठेवायला आलेली परग्रहवासी आहे). बास, एवढंच. दुसऱ्या एपिसोडात हे ऐकलं की वाटतं रोबोटसारखं उत्तर दिलं. सहाव्या-सातव्यात तेच उत्तर येतं तेव्हा पोटात कालवतं, कारण तोपर्यंत तुलाही माहिती असतं की क्योन हे विचारणार आणि ती काय बोलणार, आणि तिला तर ते हजारो वेळा माहितीये. डायलॉगमध्ये काही फार बदललेलं नसतं, आत भर पडलीय ती तुझ्या. तसाच जत्रेतला तिचा मुखवटा. स्टॉलवर ती एक मुखवटा विकत घेते आणि वेगवेगळ्या एपिसोडात तो वेगळा असतो. सगळे दंगा करत असतात, आणि ज्या एकटीला पुढचं सगळं माहितीये ती स्टॉलसमोर उभी राहून आज कुठला घ्यायचा ते ठरवते. त्या पंधरा दिवसांत तिच्या हातात असलेली ती जवळपास एकुलती एक निवड. मला हे फार मोठं वाटतं, आणि एकच एपिसोड बघणाऱ्याला ते दिसूच शकत नाही.

आता कामाच्या बाजूने. लोक 'सेम टू सेम' म्हणतात तिथे मला राहवत नाही, कारण ते खरं नाही. टीव्ही अॅनिमेत एकदा केलेला कट परत वापरणं ही रोजची गोष्ट आहे, वेळ नसतो, पैसा नसतो, त्यात काही चूकही नाही. आठ वेळा तीच स्क्रिप्ट म्हटल्यावर कुठलाही प्रोड्यूसर खूश झाला असता, एकदा काढा, आठ वेळा दाखवा, थोडे डायलॉग बदला. क्योटो अॅनिमेशनने नेमकं उलटं केलं. प्रत्येक एपिसोडचा स्टोरीबोर्ड नवा, अॅनिमेशन नवं, कपडे नवे (पोहण्याचे कपडे, युकाता, रोजचे कपडे, सगळं), आणि आवाजसुद्धा दर वेळी नव्याने रेकॉर्ड केलेले. हिरानो आया, सुगिता तोमोकाझु, चिहारा मिनोरी, गोतो युको, ओनो दाइसुके या पाच जणांनी जवळपास तेच संवाद आठ वेळा परत केलेत. नाटकाचा तोच प्रयोग विंगेतून रोज बघणाऱ्या माणसाला जसं कळतं की आज हा नट अर्धा सेकंद जास्त थांबला आणि हशा कुठे वेगळ्या जागी आला, तसं इथे होतं. सुगिताचा क्योन ऐक, सुरुवातीच्या एपिसोडात तो आळसावलेला आहे आणि नंतर त्याच वाक्यांत एक थकवा येतो, जो क्योनला स्वतःलाच समजत नाहीये. म्हणून हे आठ तरी जपानी आवाजातच बघ.

स्टोरीबोर्ड शिकणाऱ्यांना मी कॅफेचा सीन देते. आवाज बंद करायचा आणि आठही एपिसोडांतला फक्त तोच भाग एकामागून एक बघायचा. जागा तीच, पाच माणसं तीच, घडतं तेच, हारुही उठते आणि जाते. पण कॅमेरा कुठे ठेवलाय, किती जवळ, हारुहीचा चेहरा दाखवायचा की क्योनचा, ती उठायच्या आधी शॉट किती वेळ धरायचा, दाराकडे जाताना कट करायचा की तिला पूर्ण जाऊ द्यायचं, हे प्रत्येक डायरेक्टरने आपापल्या परीने सोडवलंय. पुढच्या एपिसोडांत तो सीन ताणत नेलाय, क्योनच्या डोक्यात आधीच्या वेळांचे तुकडे येऊन आपटतात, आणि आपण खुर्चीतून उठून 'बोल रे!' म्हणायच्या बेतात येतो. एकाच मजकुराची आठ दिग्दर्शनं शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळणं, तेही एवढ्या चांगल्या स्टुडिओचं, ही आमच्या धंद्यात फार दुर्मिळ गोष्ट आहे. पुस्तकात वाचून हे शिकता येत नाही.

आणि या लोकांबद्दल लिहिताना मला एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 18 जुलै 2019 ला क्योटो अॅनिमेशनच्या स्टुडिओला आग लावली गेली आणि 36 जण गेले. हारुहीची कॅरेक्टर डिझाइन करणाऱ्या इकेदा शोको त्यात गेल्या, आणि ज्या सिनेमाबद्दल पुढे लिहितेय त्याचे एक दिग्दर्शक ताकेमोतो यासुहिरो पण. आठ वेळा नव्याने काढलेला तो उन्हाळा ही या लोकांच्या हातची मेहनत आहे. म्हणून कोणी 'कॉपी-पेस्ट' म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

आता ज्यांना राग आला त्यांची बाजू, कारण तीही खरी आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. 2006 ला पहिले 14 एपिसोड आले तेव्हा ते मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले होते, लोक वेडे झाले होते. (त्यावरून एक भारी गोष्ट: 14 एपिसोड सगळ्या शक्य क्रमांनी बघायचे तर कमीत कमी किती एपिसोड बघावे लागतील, असा प्रश्न निघाला आणि 2011 ला एका निनावी माणसाने त्याची खालची मर्यादा सिद्ध करून टाकली, 9,388 कोटींच्या वर, आणि गणितवाल्यांचं तिकडे नीट लक्ष गेलं ते थेट 2018 ला!) मग तीन वर्षं वाट बघायला लावली. 2009 ला जुने एपिसोड कालक्रमाने परत लावले आणि मध्ये मध्ये नवे घातले, नवेही एकूण 14 च. त्या 14 पैकी आठ एंडलेस एटला गेले. कादंबऱ्यांमध्ये किती गोष्टी पडल्या होत्या, आणि तानिगावा नागारुच्या मूळ पुस्तकात ही एक छोटी कथा आहे, पाचव्या खंडातली, ज्यात लूप फक्त एकदाच दाखवलाय. जून ते ऑगस्ट, आठ आठवडे, दर आठवड्याला रात्री जागून टीव्ही लावायचा आणि परत तोच फोन, आणि हे किती वेळा चालणार हे कुणालाच माहिती नाही. चौथ्या आठवड्यात लोकांना वाटलं आता सुटेल, पाचव्यात वाटलं आता नक्की, सहाव्यात शिव्या. तो राग रास्त होता. माझ्या मते गोष्टीच्या गरजेपुरते पाच एपिसोड पुरले असते. चौथा, पाचवा, सहावा यांत कथेची नवी माहिती जवळपास नाही, आणि तिथे स्टुडिओने प्रेक्षकाच्या प्रेमावर जरा जास्तच भार टाकला.

पण गंमत अशी की तुझी परिस्थिती त्यांच्यासारखी नाहीये. तुला माहितीये की आठ आहेत आणि आठव्यात सुटतं. 2009 च्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त छळलं ते अंत माहिती नसण्याने, आणि तो छळ तुझ्या वाट्याला येणारच नाही, उलट तुझं थोडं नुकसानच आहे, कारण नागातोच्या जवळ तेच लोक सगळ्यात जास्त गेले. तुला मिळतो तो सौम्य डोस. मग तोही अर्धा करून कशाला घ्यायचा.

शेवट. आठव्या एपिसोडात क्योन उठून ओरडतो की माझा गृहपाठ अजून झालेला नाही, आणि 31 तारखेला सगळे त्याच्या घरी जमून अभ्यास करतात. एवढंच. पहिल्यांदा बघणाऱ्या कित्येकांना हे फुसकं वाटतं, एवढ्यासाठी आठ एपिसोड? पण हारुहीचा अभ्यास तर कधीच झालेला असतो, तिला मित्रांबरोबर बसून तो करण्याचा अनुभव मात्र कधी मिळालेला नसतो, आणि ते तिला स्वतःलाच माहिती नसल्यामुळे यादीत लिहिता आलेलं नसतं. जत्रा, फटाके, तारे असं सगळं मोठंमोठं करून झालं, राहिलं होतं ते कुणाच्या तरी घरी पसरून बसणं. मला हे उत्तर अतिशय बरोबर वाटतं. आणि हे लक्षात ठेव की त्या दिवशी नागातोपण तिथे बसलेली असते, आणि तिच्यासाठी तो 595 वर्षांतला पहिला नवीन दिवस आहे. आधीचे सहा-सात बघितले असशील तर त्या खोलीकडे बघताना छाती मोकळी होते, शॉर्टकट मारून आलास तर तो नुसता अभ्यासाचा सीन आहे.

खरी परतफेड मात्र सिरीजमध्ये नाहीच, ती आहे फेब्रुवारी 2010 च्या 'डिसॅपिअरन्स' या सिनेमात. 162 मिनिटं, नागातोबद्दल. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही, फक्त एवढं की तिथे एका पात्राने जे केलं त्याचं कारण काय असा प्रश्न येतो, आणि ज्याने हे आठ एपिसोड सहन केलेत त्याला ते कारण समजावून सांगावं लागत नाही. सिनेमा एंडलेस एट न बघताही कळतो, खूप जणांनी तसा बघितलाय आणि त्यांना आवडलाय. पण कळणं आणि 'हो, मी पण तिथे होतो' वाटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या सिनेमासाठी सिरीजचा आठवा एपिसोड (एंडलेस एटचा नव्हे), म्हणजे इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या बांबूला बांधतात तो तानाबाता सणाचा, फार महत्त्वाचा आहे, तो विसरला असशील तर परत बघून घे.

अजून एक, याबद्दल फार कोणी बोलत नाही. 2009 च्या क्रमात शेवटचा, 28 वा एपिसोड आहे पावसाचा. तो 2006 लाच बनलेला, एंडलेस एटच्या तीन वर्षं आधी. त्यात नागातो क्लबच्या खोलीत एकटी पुस्तक वाचत बसते आणि कॅमेरा एका जागी ठेवून ते बराच वेळ नुसतं दाखवलंय, काहीही होत नाही. 2006 ला तो स्टुडिओचा धाडसी प्रयोग वाटला होता. पण आता कालक्रमाने त्याच्या आधी तो अख्खा उन्हाळा येऊन जातो आणि सीन पूर्ण बदलतो, एक फ्रेमही न बदलता. वेळ नुसता जाऊ देणं या मुलीला किती येतं हे तुला आता माहिती असतं. त्याच एपिसोडात क्योन डुलकीतून उठतो तेव्हा अंगावर दोन स्वेटर असतात, दुसरा कुणाचा ते बघ.

बघायची पद्धत म्हणशील तर रोज एक, जमलं तर रात्री ठरलेल्या वेळी, आणि मध्ये दुसरी सिरीज चालू ठेव म्हणजे डोकं ताजं राहील. दुप्पट स्पीडने बघू नको, त्यापेक्षा सोडून दिलेलं बरं, कारण या एपिसोडांत जे आहे ते सगळं थांबण्यात आहे. फोनवर स्क्रोल करत बघू नको. पहिले दोन नेहमीसारखे बघ. तिसऱ्यापासून प्रत्येक वेळी एकच गोष्ट ठरवून बघ, एकदा कपडे, एकदा कॅफेचा सीन, एकदा नुसता क्योनचा आवाज, आणि एकदा फक्त नागातो, ती फ्रेममध्ये कुठे उभी केलीय, कुणाकडे बघतेय. आणि एवढं करूनही पाचव्याला खरंच जीव नकोसा झाला तर सरळ सातव्यावर जा आणि मग आठवा बघ, पण सातवा सोडू नको, आठव्याची सुटका सातव्याच्या कॅफेवर उभी आहे.

तुझा दुसरा प्रश्न, बाकीचे लूपवाले अॅनिमे. नाही, असं दुसरं कुणीच केलेलं नाही, निदान मला तरी माहिती नाही. तातामी गॅलेक्सी (2010) यातलं सगळ्यात जवळचं, तिथे जवळपास प्रत्येक एपिसोडात कॉलेजचं आयुष्य नव्याने सुरू होतं आणि शेवट त्याच ठिकाणी येऊन आपटतो, पण हिरो दर वेळी वेगळा क्लब निवडतो त्यामुळे गोष्ट दर वेळी नवी असते, आणि बोलण्याचा स्पीड एवढा की कंटाळायला वेळच मिळत नाही. हिगुराशीत तेच गाव आणि तोच जून महिना परत परत येतो, पण ते रहस्य आहे, दर फेरीत एक पुरावा हाती लागतो. स्टाइन्स;गेटमध्ये सुरुवात संथ आहे आणि लूप खूप उशिरा आवळतो, तिथे धीर धरावा लागतो तो वेगळ्या कारणाने. हारुहीनंतर काय बघू असं विचारशील तर मी तातामी गॅलेक्सी सांगेन, फक्त अकरा एपिसोड आहेत, आणि एकही सोडू नकोस, कारण शेवटचे दोन आधीच्या नऊ एपिसोडांच्या सामानावरच बांधलेत.